नाइफ फिश वारंवार मलूल होतोय? आधी नळाला पाणी कधी आलं ते आठवा

नाइफ फिश आडवा पडला, रंग उतरला, खाणं सोडलं की सोलापुरात पहिला प्रश्न येतो तो औषधाचा. "दादा, मासा परत पडून राहायलाय, निळं औषध टाकू का पिवळं?" उत्तर देण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: तुमच्या भागात पाणी कधी आलं होतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, काल किंवा परवा. मागच्या वेळी मासा असाच झाला तेव्हा? थोडं आठवून माणूस सांगतो, तेव्हाही पाणी आल्यावरच सगळा टँक धुऊन काढला होता.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आलं की घरातली सगळी कामं त्याच दिवशी उरकतात आणि माशाचं पाणी बदलणंही त्याच धावपळीत होतं. त्यामुळे पुन्हा पुन्हा होणारा हा त्रास जंतूंच्या वेळापत्रकानं कमी आणि नळाच्या वेळापत्रकानं जास्त चालतो. म्हणून पहिलं काम वहीचं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिलं तरी चालेल: पाणी कधी आलं, टँकचं किती बदललं, लाइट किती वेळ गेली होती, मासा कसा होता. महिनाभर लिहा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त लोकांना कारण त्या पानावरच सापडतं.

हा त्रास आहे की त्याचा स्वभाव?

नाइफ फिश या एका नावाखाली दुकानात वेगवेगळे मासे मिळतात आणि त्यांची लक्षणं एकसारखी वाचता येत नाहीत. काळाभोर, शेपटीवर दोन पांढरे पट्टे असलेला ब्लॅक घोस्ट हा दक्षिण अमेरिकेतला. चंदेरी अंगावर काळ्या ठिपक्यांची रांग असलेला क्लाउन नाइफ आग्नेय आशियातला. आणि उजनी धरणाच्या पाण्यात सापडणारा आपला चालट हा क्लाउन नाइफच्याच कुळातला.

फरक इथे आहे. क्लाउन नाइफ आणि चालट वर येऊन हवेचा घोट घेतात. त्यांचा हवेचा फुगा श्वासालाही मदत करतो. मधूनच वर जाऊन झटकन खाली येणं हे त्यांचं रोजचं वागणं आहे. दर मिनिटाला वर यायला लागला तर मात्र पाण्यात काहीतरी बिघडलंय. ब्लॅक घोस्ट हवेचा घोट घेत नाही. तो तोंड वर करून पृष्ठभागाशी लटकलेला दिसला तर वाट बघू नका, ती तातडीची वेळ आहे.

दुसरीकडे, ब्लॅक घोस्ट दिवसा पाइपमध्ये किंवा दगडाच्या फटीत कुशीवर पडून राहतो. मेल्यासारखा दिसतो. नवीन माणूस घाबरून त्याला काडीनं हलवतो आणि खरा त्रास तिथून सुरू होतो. हा निशाचर मासा आहे. त्याची तब्येत बघायची तर रात्री दिवे बंद करून, मोबाइलचा उजेड दुरून टाकून बघा. रात्री पोटाखालचा लांब पर सळसळत ठेवून तो पुढे-मागे सारख्याच सहजतेनं फिरत असेल, तर दिवसाच्या लोळण्याकडे दुर्लक्ष करा.

चिंतेची लक्षणं वेगळी आहेत. काळा रंग राखाडी होणं, अंगावर पांढुरका चिकट थर येणं, कल्ल्यांची उघडझाप वेगात होणं, खाली वाळूवर अंग घासणं, भर दिवसा काचेला लागून वर-खाली धावणं, लांब पराची कडा फाटल्यासारखी होणं. आणि पाइप सोडून उघड्यावर पडणं. लपायची जागा असून तो लपत नसेल, तर त्याच्यात लपायचं त्राण उरलेलं नाही असं समजा.

कारण शोधताना वेळ बघा

पाणी बदलल्यावर किती वेळानं मासा बिघडला, यावरून बरंच कळतं.

काही मिनिटांत किंवा तासाभरात बिघडला तर क्लोरीन, तापमान किंवा पीएच (पाणी किती आम्ल किंवा क्षारीय ते सांगणारा आकडा) यांतलं एक. पाणी घातल्याबरोबर मासा उसळून धावला, कल्ले लाल दिसले, तर आधी क्लोरीनवर संशय घ्या. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत थोडा क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे हा नियमच आहे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. माणसाला तो सुरक्षित ठेवतो, माशाच्या कल्ल्यांना जाळतो. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं, उन्हाळ्यात उजनीची पातळी खाली जाऊन पाण्याला वास यायला लागला, की ते शुद्ध करायला क्लोरीन जास्त लागतो. म्हणून मार्चमध्ये चाललेली पद्धत जुलैत चालेलच असं नाही. ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत ओटी टेस्ट करतात ती सोपी आहे. ग्लासभर पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले आणि पिवळं झालं की क्लोरीन आहे. ते पाणी मोरीत ओता, टँकमध्ये नको.

एक-दोन दिवसांनी बिघडला तर माशाच्या घाणीतून होणारा अमोनिया. हे जास्त फसवं आहे, कारण पाणी बदलल्यावर मासा ठीक वाटतो, माणूस निर्धास्त होतो. पण त्या दिवशी फिल्टरचा स्पंजही नळाखाली स्वच्छ धुतलेला असतो. त्या स्पंजवर अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढलेले असतात. नळाच्या क्लोरीननं ते मरतात आणि पुढचे दोन-चार दिवस माशाची घाण तशीच साठत जाते. स्पंज धुवायचा असेल तर टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळा. दोन-तीन वेळा पिळला की पुरे, तो पांढराशुभ्र होण्याची गरज नाही. आणि ज्या दिवशी पाणी बदललं त्या दिवशी स्पंजला हात लावू नका.

लाइट गेल्यावर काही तासांत बिघडला तर प्राणवायू. सकाळी उठल्यावर बिघडलेला, परांचे लचके गेलेले दिसले तर रात्रीचे शेजारी मासे. हळूहळू, महिनाभरात रंग उतरत गेला तर साठलेलं नायट्रेट आणि क्षार. खायला घातल्याच्या दुसऱ्या दिवशी बिघडला तर वाळूत सडलेलं अन्न. आणि ठरावीक काही नसताना, फक्त एखादं उपकरण चालू असताना बिघडत असेल तर वीज. त्याकडे खाली येतो.

अमोनिया आणि पीएचची जोडी

वारंवार होणाऱ्या त्रासाचं सोलापुरातलं सगळ्यात मोठं कारण मला इथे दिसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ब्लॅक घोस्ट ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला मऊ पाणी लागतं, असं कुठेतरी वाचलेलं असतं. म्हणून लोक सुरुवातीला घरच्या आरओचं किंवा वीस लिटरच्या जारचं पाणी भरतात. त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. त्यामुळे पीएच धरून ठेवणारी ताकदही नसते. माशाची घाण कुजते, आम्ल तयार होतं आणि दोन-तीन आठवड्यांत पीएच ७ वरून ६ च्या आसपास येतो. एवढ्या आम्ल पाण्यात फिल्टरचे जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठतो. तरी मासा ठीक दिसतो. कारण आम्ल पाण्यात अमोनियाचा जवळजवळ सगळा भाग अमोनियम या कमी विषारी रूपात असतो.

मग पाण्याचा दिवस येतो. आरओला वेळ नसतो, नळाचं किंवा बोअरचं अर्धा टँक पाणी एकदम ओतलं जातं. ते क्षारांचं, पीएच ८ च्या आसपासचं. आता आकडे बघा. २५ अंश तापमान आणि पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांवर जातो. पाणी ३० अंशांचं असेल, म्हणजे आपला एप्रिल-मे, तर साडेसात टक्के. पीएच ८.५ आणि ३० अंश असेल तर वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अमोनियाचा एक थेंबही न वाढता, उलट पाणी बदलून तो निम्मा केला असतानाही, विष कित्येक पटींनी वाढलेलं असतं. घरातली माणसं म्हणतात, "स्वच्छ पाणी घातलं आणि मासा पडला." बरोबरच म्हणतात. तसंच झालेलं असतं.

जुळे सोलापुरातल्या एका घरी नेमकं हेच चाललं होतं. दर पाण्याच्या दिवशी संध्याकाळी ब्लॅक घोस्ट राखाडी व्हायचा, मग निळं औषध, मग दोन दिवसांनी जरा बरा, मग पुन्हा तेच. त्या काकूंनी टँकचा आणि बादलीचा पीएच शेजारी शेजारी ठेवून मोजला तेव्हा एका ग्लासात पिवळा आणि दुसऱ्यात निळा रंग आला. पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. औषध बंद झालं, पाणी थोडं थोडं बदलायला लागले आणि मासा सावरला.

पीएच मोजताना एक काळजी घ्या. बोअरचं ताजं पाणी लगेच मोजू नका. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो पीएच खाली दाखवतो. बादलीत हवेची नळी रात्रभर सोडली की तो उडून जातो आणि ७.२ वाटलेलं पाणी सकाळी ८ च्या वर दिसू शकतं. टँकमध्ये माशाला शेवटी तोच दुसरा आकडा सोसावा लागतो.

बाजारात मिळणारे बहुतेक ब्लॅक घोस्ट इंडोनेशियातल्या शेतांवर वाढवलेले असतात. त्यांना मध्यम क्षारांचं पाणी चालतं. पीएच ६.५ ते ७.८ मध्ये कुठेही स्थिर असू द्या. स्थिर असणं महत्त्वाचं. निवळलेलं नळाचं पाणी दोन भाग आणि आरओचं एक भाग, असं काहीतरी प्रमाण धरा आणि दर वेळी तेच ठेवा. बोअरचं पाणी वापरणार असाल तर त्याचं नायट्रेट एकदा मोजून घ्या. काही बोअरमध्ये ते मुळातच जास्त असतं, मग तुम्ही पाणी कितीही बदला, आकडा खाली येत नाही.

टीडीएसच्या पेनावर विसंबू नका

आरओवाला वापरतो तो टीडीएसचा पेन आता घरोघरी असतो. तो फक्त विरघळलेले एकूण क्षार दाखवतो. अमोनिया, नायट्राइट, क्लोरीन यांचं त्याला काही कळत नाही. टीडीएस २०० आणि मासा मरणपंथाला, असं होऊ शकतं. पेनाचा उपयोग वेगळा आहे. टँकचं पाणी आणि भरायचं पाणी यांत फरक किती वाढलाय ते तो लगेच सांगतो. उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आपण वरून भर घालत राहतो आणि टँकचा टीडीएस नळाच्या दुप्पट होऊन बसतो. अशा टँकमध्ये एकदम अर्धं पाणी बदलणं माशाला सोसत नाही.

थेंबांचा टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले पाहिजेत, नायट्रेट २० पीपीएमपर्यंत चांगलं, ४० च्या पुढे जाऊ देऊ नका. निदान अमोनिया आणि पीएच एवढे दोन तरी घ्या. एका माशाच्या किमतीपेक्षा महाग पडत नाहीत.

पिंपाची पद्धत

माझ्या मते सोलापुरात नाइफ फिश पाळायचा तर माशासाठी वेगळं पिंप हवंच. घरच्या वापराच्या पिंपातलं पाणी नको, आणि त्याला कारणं आहेत. साठवलेल्या पाण्यात कोणी मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं औषध, टाकतं, पावसाळ्यात कोणी तुरटी फिरवतं. डासांच्या अळ्यांसाठी आरोग्य विभागाची माणसं येतात आणि पिंपात अबेट टाकून जातात. डेंग्यूच्या दिवसांत ते त्यांचं कामच आहे, त्यांना अडवू नका. पण माशाच्या पिंपाला दाट विणीचं कापड घट्ट बांधा, वर खडूनं "माशांचं पाणी" लिहा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तुरटीचं पाणीही टँकला टाळा. ती गाळ बसवते पण पाण्याची पीएच धरण्याची ताकद खाते.

पाणी आल्या आल्या पिंप भरू नका. चार दिवस रिकाम्या राहिलेल्या नळातून पहिलं पाणी येतं ते साचलेली घाण घेऊन. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, आधी इतर भांडी भरा. मग पिंप भरून त्यात हवेचा दगड सोडा आणि एक दिवस तसंच चालू ठेवा. क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटी-क्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या मापानं टाका, पण टँकमध्ये नव्हे, बादलीत.

आता बदलायचं किती? आठवड्यातून दोनदा, दर वेळी पंधरा टक्क्यांच्या आसपास. महिन्यातून एकदा निम्मं बदलण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. पिंप भरलेलं असलं की पाणी कधी येतं यावर तुमचा मासा अवलंबून राहत नाही, आणि नेमकं तेच साधायचं आहे. नवीन पाणी हवेच्या बारीक नळीनं हळूहळू सोडा, अर्धा-पाऊण तास लागला तरी लागू दे.

आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी कधीही घेऊ नका. हात भाजतो एवढं तापलेलं असतं. पहाटेचं घ्या, तेही थर्मामीटर लावून. टँकच्या आणि नव्या पाण्याच्या तापमानात एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

मे महिना आणि गेलेली लाइट

नाइफ फिशला २४ ते २८ अंश मानवतात. सोलापूरचा पारा ४२-४३ वर गेला की बंद खोलीतला टँक सहज ३३-३४ ला पोचतो. गरम पाणी प्राणवायू कमी धरतं. २५ अंशांना लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमपर्यंत, ३४ अंशांना सातच्या आसपास. आणि त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. ब्लॅक घोस्टला याचा फटका आधी बसतो, कारण त्याला हवेतून श्वास घेता येत नाही. शिवाय त्याचं विजेचं क्षेत्र रात्रंदिवस, सेकंदाला सुमारे हजार स्पंदनांच्या वेगानं चालू असतं. ते बंद करून विसावा घेणं त्याला शक्य नाही.

बर्फाची लादी टाकू नका. तासाभरात सहा-सात अंश खाली आणि संध्याकाळी पुन्हा वर, हा झटका उष्णतेपेक्षा वाईट. टँकचं झाकण काढून जाळी लावा, कारण नाइफ उडी मारतो, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा सोडा. आपली हवा कोरडी असल्यामुळे ही युक्ती सोलापुरात फार चांगली चालते, दोन ते चार अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत इतकी चालत नाही. पाणी भराभर उडेल, ती भर आरओच्या पाण्यानं घाला म्हणजे क्षार वाढणार नाहीत.

लाइट गेली की बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावा. इन्व्हर्टर असेल तर दिव्याआधी हा पंप त्यावर घ्या. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल आणि लाइट तीन-चार तास गेली असेल, तर ती आल्यावर तो थेट चालू होऊ देऊ नका. आतलं पाणी कुजलेलं असतं. ते आधी ओतून टाका. सकाळी लाइट आल्यावर मासा बिघडतो, असं जे सांगतात त्यांच्याकडे बरेचदा हेच निघतं.

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, उलटी अडचण. रात्री गारठा पडतो, पाणी वीसच्या खाली जातं, मासा खात नाही आणि व्हाइट स्पॉट या रोगाचे पांढरे ठिपके याच दिवसांत दिसतात. हीटर २५ वर लावा, पण त्याला जाळीचं आवरण घाला. नाइफला अंग चिकटवून बसायची सवय असते आणि ब्लॅक घोस्टचे खवले अगदी बारीक असतात. उघड्या हीटरला टेकून त्याची कातडी भाजते, आणि तो पांढरा डाग बुरशी समजून लोक औषध टाकत बसतात.

वीज आणि कंप

ब्लॅक घोस्ट स्वतःभोवती क्षीण विद्युत क्षेत्र तयार करून अंधारात वाट आणि भक्ष्य ओळखतो. क्षेत्रातला बारीकसा बदलही त्याला जाणवतो. म्हणून हीटरची चिरलेली काच किंवा पंपाची उघडी पडलेली वायर त्याला आपल्याआधी कळते. पाण्याचे सगळे आकडे ठीक आणि तरी मासा एका कोपऱ्यात थरथरत असेल, तर एकेक प्लग काढून अर्धा-अर्धा तास बघा. एखादं उपकरण काढल्यावर तो पाइपमधून बाहेर आला, तर ते परत लावू नका. हात पाण्यात घालायच्या आधी सगळे प्लग काढा, आणि घरच्या अर्थिंगची वायरमनकडून तपासणी करून घ्या. हे माशाइतकंच तुमच्यासाठी आहे.

शहराच्या पूर्व भागातल्या घरांत खाली यंत्रमाग आणि वर राहणं असं असतं. मागाचा कंप भिंतीतून आणि स्टँडमधून पाण्यात उतरतो. अशा घरी टँक भिंतीला टेकवू नका, स्टँडच्या पायांखाली जाड रबर आणि टँकखाली थर्माकोल द्या. माग बंद असतो त्या दिवशी मासा मोकळा फिरतो का, तेही वहीत लिहा.

शेजारी आणि खाणं

एका टँकमध्ये दोन ब्लॅक घोस्ट नकोत. त्यांची क्षेत्रं एकमेकांत येतात आणि मोठा लहानाला लपू देत नाही. टायगर बार्ब लांब पर कुरतडतात, फ्लॉवरहॉर्न सरळ हल्ला करतो. सकर मासा रात्री नाइफच्या अंगावरची चिकट साय खरवडतो. सकाळी अंगावर गोल ओरखडे दिसले तर संशय त्याच्यावर. तुटलेल्या शेपटीची फार धास्ती घेऊ नका, स्वच्छ पाण्यात ब्लॅक घोस्टची शेपटी परत वाढते.

खायला दिवे बंद केल्यावर घाला. गोठवलेले ब्लडवर्म, धुतलेलं गांडूळ, कोळंबीचा बारीक तुकडा. दिवसा घातलं तर बाकीचे मासे संपवतात, नाइफ उपाशी राहतो, त्याचं कपाळ आणि पोट खोल जातं आणि आपण आजार शोधत बसतो. सकाळी उरलेलं काढून टाका. ट्युबिफेक्स नावाचे जिवंत बारीक किडे गटाराच्या पाण्यातून येतात, ते मी या माशाला देत नाही.

आत्ता, या क्षणी मासा पडलाय?

दिवे बंद. खाणं बंद. हवेचा पंप पूर्ण जोरात. मग अमोनिया, नायट्राइट, पीएच, तापमान मोजा. क्लोरीनचा संशय असेल तर अँटी-क्लोरीन लगेच, थेट टँकमध्ये. वर म्हटलेला बादलीचा नियम इथे लागू नाही. अमोनिया दिसला आणि पीएच ७ च्या वर असेल तर पिंपातलं, त्याच तापमानाचं पाणी पाव टँक बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव. अमोनिया आहे पण पीएच ६.५ च्या खाली असेल तर थांबा. तिथे दहा-दहा टक्के, दोन दिवसांत पसरून, नाहीतर वर सांगितलेलंच घडेल. नायट्राइट असेल तर दहा लिटरला एक ग्रॅम मीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. मूठभर खडे मीठ थेट टाकणं मात्र अशा नाजूक कातडीच्या माशाला भाजणारं आहे.

औषध फक्त डोळ्यांनी रोग दिसला तर. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके स्पष्ट असतील तर तो व्हाइट स्पॉट. त्यातही मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन अशी औषधं ब्लॅक घोस्टला निम्म्या मापानं, आणि तांबं असलेलं औषध अजिबात नको. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, चालू टँकमध्ये टाकलं तर फिल्टरचे जिवाणूही मारतं. अमोनियानं पडलेल्या माशावर ते टाकणं म्हणजे त्याचा अमोनिया वाढवणं.

सगळं करूनही पुन्हा होत असेल तर

टँक मोजा. दोन फुटी टँकमध्ये वाळू-दगड धरून जेमतेम साठ लिटर पाणी मावतं. दुकानात तीन-चार इंचांचा असलेला ब्लॅक घोस्ट पूर्ण वाढल्यावर दीड फुटाच्या पुढे जातो, क्लाउन नाइफ नैसर्गिक पाण्यात मीटरभर होतो. साठ लिटरमध्ये असा मासा असेल तर एका रात्रीत अमोनिया वर जातो आणि कुठलीही पद्धत पुरी पडत नाही. ब्लॅक घोस्टला लहानपणी चार फुटी टँक चालतो, पुढे सहा फुटी आणि दोन फूट रुंद लागतो. क्लाउन नाइफला तोही अपुरा पडतो, म्हणून घरात तेवढी जागा नसेल तर तो आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणलाच असेल आणि सांभाळणं जमत नसेल, तर दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कुणाला द्या. सिद्धेश्वर तलावात, हिप्परग्याला किंवा उजनीत सोडू नका. उजनीत आधीच सकर माशानं मच्छीमारांची जाळी फाटतात, आणि क्लाउन नाइफ तर इतर मासे खाणारा शिकारी आहे. दुकानदार घेत नसेल तर फोटो आणि लांबी लिहून शहरातल्या दुसऱ्या दुकानांत विचारा. मोठे नाइफ शोधणारे लोक असतात, पण ते सापडायला वेळ लागतो. तोवर टँकमध्ये हा एकच मासा ठेवा, खाणं दिवसाआड करा आणि पाणी दररोज दहा टक्के बदला.